घोंगडीच्या कापडाचे लॅम्पशेड, हळदीचा रंग, कासची फुलं... प्रोजेक्टसाठी सल्ला हवाय

धागादोरा_सातारा
नमस्कार सगळ्यांना. मी टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूळची सातारची. डिप्लोमा प्रोजेक्टला घरातले दिवे आणि सोबत थोडं फर्निशिंग म्हणजे कुशन, सतरंजी, भिंतीवरचं पॅनेल असं कलेक्शन करायचं ठरवलंय. थीम निसर्गाची आहे पण कापडावर पानाफुलांची प्रिंट मारायची आणि त्याला निसर्ग म्हणायचं हे मला पटत नाही, मटेरियल पण इथलंच पाहिजे आणि वस्तू जुनी झाली की तिचं पुढे काय होणार हे बनवतानाच ठरलेलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

सध्या डोक्यात आहे ते असं. माण-खटावकडच्या मेंढ्यांची लोकर घेऊन घोंगडीसारखंच पण जरा विरळ कापड विणून घ्यायचं आणि त्याचे टांगायचे शेड करायचे. दुसरं म्हणजे खादीवर सांगलीची हळद, मागे दिवा लावल्यावर तो पिवळा काय दिसतो, बघतच राहावं. तिसरी आयडिया मैत्रिणीची, कासची फुलं दाबून वाळवून पारदर्शक रेझिनमध्ये बसवायची, पण तिथं माझं मन होत नाहीये.

तर विचारायचंय की घोंगडीतनं उजेड बाहेर येईल का, लोकर बल्बजवळ पेटणार तर नाही ना, हळद टिकते का, आणि शेडला ताठपणा आणायला प्लास्टिक सोडून काय आहे? बाजारातले बहुतेक शेड पीव्हीसी शीटवर कापड चिकटवलेले असतात, मलाही तेच सुचवलं गेलंय, पण एकदा चिकटवलं की कापड ना धुता येतं ना वेगळं काढता येतं, मग त्याला सस्टेनेबल कुठल्या तोंडानं म्हणू?

डाळिंबसाल_आटपाडी
ताई, नैसर्गिक रंगांचं काम करते म्हणून आधी हळदीचं सांगते. हळद लॅम्पशेडला अजिबात नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालं, तिचा रंग उत्तमच आहे, पण कापडावर उजेडात टिकण्याच्या बाबतीत हळद सगळ्यात कच्च्या रंगांत धरतात. कारण तिच्यातलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं आणि त्यातच तुटत जातं. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, म्हणजे शेड दिवसा खिडकीतल्या उन्हानं उडणार आणि रात्री स्वतःच्याच दिव्यानं. तुरटी लावून फार फरक पडत नाही. शिवाय साबण लागला की लाल होते ते वेगळंच.

पिवळा पाहिजेच असेल तर डाळिंबाची साल घे, आमच्याकडे आटपाडीत डाळिंबाला काय कमी नाही आणि ज्यूसवाल्यांकडे साल फेकूनच देतात. खादीला आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग सालीचा काढा. सुती धाग्याला तुरटी एकटी नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन लागतं. रंग हळदीसारखा झगझगीत येणार नाही, जरा मातकट पिवळा येईल, पण मागे दिवा लागला की तो फार उबदार दिसतो. त्याच कापडाला नंतर गंजक्या लोखंडाचं पाणी दाखवलं की हिरवट करडा होतो. लोखंड मात्र हलक्या हातानं घाल, जास्त झालं तर सूत कुजतं.

आणि कुठलाही रंग फायनल करायच्या आधी कापडाची पट्टी अर्धी पुठ्ठ्यानं झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावून ठेव. लॅबमध्ये ब्लू वूल स्केलवर रंग उजेडात किती टिकतो याचे १ (कच्चा) ते ८ (पक्का) असे नंबर देतात, ती टेस्ट जमली तर करच, ज्युरीपुढे आकडा दाखवता येतो.

सणगराचा_नातू
ताई आमच्या घरात घोंगडीच विणायचे, आजोबा होते तवर खड्ड्यातला माग चालू होता, म्हणून बोलतो. घोंगडीतनं उजेड येणार न्हाई. ती पाऊस आणि थंडी अडवायला विणलेली असते, दाट असते, उजेडाला वाट कुठनं मिळणार. विरळ विणून पण बघशील तर धागे सरकत्यात आणि कुठं दाट कुठं भोक असं होतं. त्याच्यावर उपाय असा की उभे दोन दोन धागे एकमेकावरनं फिरवून मधनं आडवा धागा घालायचा, तुमच्याकडे त्याला लेनो म्हणत्यात बघा, मच्छरदाणीला असतं तसलं. पीळ बसला की भोक मोठं ठेवलं तरी धागा हलत न्हाई. साध्या मागावर पट्टी घालून हातानं होतं, वेळ जातो, पण शेडला कापड लागतंय किती.

ताठपणाचं तर उत्तर आमच्या धंद्यातच हाय. चिंचोक्याची खळ! चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे, ती खळ घोंगडीच्या धाग्याला पूर्वीपास्नं लावत्यात. तुला धाग्याऐवजी तयार कापडाला लावायची, साच्यावर ताणून वाळवायची. पत्र्यासारखं कडक होतं आणि कोमट पाण्यात भिजवलं की परत मऊ. प्लास्टिक नको न चिकटवणं नको. फक्त महाबळेश्वरसारख्या ओल्या हवेत खळीला बुरशी धरती, तिथं द्यायचं असलं तर आतनं तारेची नाहीतर बांबूची चौकट करून कापड नुसतं शिवून घे.

आणि लोकर रंगवूच नको की. काळी, तपकिरी, करडी, थोडी पांढरी, मेंढीच्या अंगावर असती तेवढ्यात तुझं कलेक्शन होतंय. कोकराची पहिली कातरलेली लोकर म्हणजे जावळ, ती मऊ असती, कुशनला ती माग. बाकीची टोचती, ती बसायच्या पाटाला, भिंतीला, पायाखाली. लोकरीला आज भाव न्हाई, कातरायची मजुरी सुटत न्हाई म्हणून कितीतरी मेंढपाळ ती टाकून देत्यात. तू इकत घेतलीस तर दर नीट दे येवढंच सांगणं हाय.

जांभ्यावरचा
कासची फुलं तोडायचा विचार सोडून द्या, ही कळकळीची विनंती. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे, आणि तिथं फूल तोडायला बंदी आहे. पण बंदीपेक्षा मोठं कारण म्हणजे जांभ्या खडकावर मातीचा थर इंच-दोन इंचाचा, त्यातली कितीतरी झाडं एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरतात. फूल तोडलं म्हणजे पुढच्या वर्षीचं बी तोडलं. आणि रेझिनमध्ये बसवलं की ते ना फूल राहिलं ना मातीत जाणारी वस्तू.

त्यापेक्षा तिथं जाऊन फूल कसं बांधलेलं आहे ते बघा. तुमच्या विषयासाठी कंदीलपुष्पाहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. सेरोपेजिया या गटातल्या वनस्पती, सह्याद्रीत त्यांच्या बऱ्याच जाती आहेत आणि काही जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. पाच पाकळ्या, टोकं वरती जुळलेली, मधे पाच खिडक्या, खाली लांब नळी आणि तळाला फुगवटा. बारीक माश्या खिडकीतनं आत शिरतात, नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले, म्हणून परत वर येता येत नाही. आणि कित्येक जातींत तळाच्या फुगवट्याचा भाग अर्धपारदर्शक असतो, तिथनं उजेड आत येतो, माशीला वाटतं बाहेर जायची वाट खाली आहे म्हणून ती खालीच जाते, जिथं परागाचं काम व्हायचं असतं. नंतर केस सुकतात आणि माशी सुटते.

म्हणजे कुठं झाकायचं, कुठं विरळ ठेवायचं आणि बघणाऱ्याची नजर उजेडानं कुठं न्यायची हे सगळं त्या फुलात आहे. वरती दाट काळी लोकर, खाली लेनोचा विरळ पट्टा, एवढं जमलं तरी फुलाचं चित्र न काढता फूल येईल. सप्टेंबरच्या आसपास जा, आधी बुकिंग करून, वही घेऊन, आणि ठरलेल्या वाटेवरनंच चाला.

वायरमन_मिरज
मी लाइट फिटिंग करतो, डिझाइनमधलं कळत नाही, पण आगीचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहितोय. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. सुती कापड जळत राहायला १८ च्या आसपास पुरतो, लोकरीला २५ च्या आसपास लागतो, म्हणून लोकरीची ज्योत बाजूला केली की ती बहुतेक विझते. स्वतः बघायचं तर एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून बघा, बाजूला पाणी ठेवून. म्हणजे शेडला सुतापेक्षा लोकर बरी. पण खादी वापरणार असाल आणि वरनं खळ, तर ते जळणारच, तिथं अंतर ठेवायला पाहिजे.

जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा, तो लावूच नका आणि शेडवर "फक्त एलईडी, ७ वॉटपर्यंत" असं टॅगवर लिहा. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे, काचेकडनं थंड असतो, मानेकडनं तापतो, आणि ती उष्णता कोंडली की बल्ब लवकर जातो. म्हणून शेड वरनं बंद करू नका, तुमच्या त्या फुलासारख्या खिडक्या वरती राहू द्यात, गरम हवा निघून जाते. आयएसआय मार्कची वायर आणि होल्डर घ्या, आणि शेडचं वजन वायरवर येऊ देऊ नका, वेगळी दोरी द्या. घायपाताची दोरी चालेल, ती पण आपल्याकडच्या बांधावरचीच.

बल्ब २७०० किंवा ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचा घ्या. आपल्याकडे घरोघर ६५०० चा पांढराफटक लावलेला असतो, त्याच्यात करडी लोकर आणि डाळिंबाचा रंग दोन्ही मेल्यासारखे दिसतात.

धागादोरा_सातारा
खरंच एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. हळद आणि रेझिन दोन्ही यादीतनं काढले. कंदीलपुष्पाचं वाचल्यापासनं तोच मेन दिवा करायचं पक्कं केलंय, वरनं खिडक्या, मधे काळ्या लोकरीची नळी, तळाला लेनो. नातू दादा, लोकर सरळ मेंढपाळांकडनंच घेणार आणि दर त्यांनी सांगितला तो, प्रोजेक्टच्या खर्चात तो आकडा मी उघड लिहिणार आहे. आता सतरंजीचं राहिलं. त्याच लोकरीची केली तर वजन आणि किंमत दोन्ही फार होतंय, काय करू?

विट्याचा_माग
सतरंजीला आडवा धागा म्हणून लूमचं वेस्ट वापरा. इचलकरंजीला रेपिअर लूमवर (धोट्याविना चालणारा माग) कापडाच्या कडेला जी जादा किनार विणून कापून टाकतात ती लांबच्या लांब सलग निघते, झालर असलेल्या दोरीसारखी. किलोवर मिळते. फक्त घेताना बघून घ्या, पॉलिस्टर आणि कॉटन मिसळलेलं असतं, कॉटनच्या लूमची वेगळी मागा नाहीतर तुमचं मातीत जायचं गणित बिघडेल. रंग जो असेल तो असेल, लॉट बदलला की बदलणार, म्हणून डिझाइन अशी करा की पट्ट्यांचा रंग बदलला तरी चालेल.

डाळिंबसाल_आटपाडी
आणि लोकरीच्या सगळ्या वस्तूंसोबत कापडाच्या पुरचुंडीत वेखंड दे, कसर लागत नाही. लोकर घेतल्यावर आधी कोमट पाण्यात भिजव, उकळत्या पाण्यात घातलीस किंवा जोरात चोळलीस तर आटून गोळा होईल. रिठा चालतो.

धागादोरा_सातारा
लिहून घेतलं ताई. वायरमन काका, एक शेवटचं, तळाच्या लेनोतनं बल्ब थेट डोळ्यावर येईल का? नळी साधारण हातभर लांब धरलीये.

वायरमन_मिरज
बल्ब नळीच्या वरच्या तिसऱ्या भागात घ्या आणि खाली टोकाला चांदीचा मुलामा असलेला बल्ब मिळाला तर तो लावा. नाही मिळाला तर आत खादीचा एकेरी पडदा शिवा, बल्बपासनं चार बोटं लांब. दिव्याखाली बसून वर बघा, डोळे बारीक करायला लागले तर पडदा अजून खाली घ्या.