मॉर्टन फ्रॉस्टचे पाय

विषय: शनिवारचं बॅडमिंटन – फ्रॉस्टविषयी माहिती हवी
प्रेषक: क्रीडा समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यापासून मुलांचं बॅडमिंटन सुरू करतोय. पहिल्या दिवशी डेन्मार्कचा जुना बॅडमिंटनपटू मॉर्टन फ्रॉस्ट याच्यावर दहा मिनिटं बोलायचं ठरलंय. पालकांनी दोन प्रश्न विचारलेत. जो कधीच जगज्जेता झाला नाही, त्याचं नाव डेन्मार्कमध्ये अजून एवढ्या आदराने का घेतात? आणि त्याच्या खेळातलं दहा-बारा वर्षांच्या मुलांना काय शिकवता येईल? ओडेन्सच्या काकांनी कारकिर्दीवर आणि ऑरहूसच्या ताईंनी शिकवण्यावर लिहावं, ही विनंती. मुलं बारा आहेत, कोर्टं दोन, वेळ एक तास.

---

विषय: उत्तर: शनिवारचं बॅडमिंटन
प्रेषक: काका, ओडेन्स

मंडळी,

पालकांना आधी एवढंच सांगा: १९८२ ते १९८९, सलग आठ वर्षं, ऑल इंग्लंड या बॅडमिंटनच्या जुन्या, मानाच्या स्पर्धेत पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात फ्रॉस्ट होता. १९८२ला लुआन जिन, १९८४ला लिम स्वी किंग, १९८६ला मिसबुन सिदेक आणि १९८७ला इकुक सुगिआर्तो यांना हरवून तो जिंकला. हरला तो लुआन जिन, झाओ जिआनहुआ, स्वतःच्याच देशाचा इब फ्रेडरिक्सन आणि यांग यांग यांच्याकडून. चीन, इंडोनेशिया, मलेशिया, डेन्मार्क. समोरचा माणूस बदलत गेला, जाळीच्या अलीकडे उभा फ्रॉस्टच. माझ्या मते हे एखाद्या जगज्जेतेपदापेक्षा कठीण आहे.

जागतिक स्पर्धा १९८३पासून दोन वर्षांतून एकदा व्हायची. १९८५ला कॅलगरीत हान जिआनने आणि १९८७ला बीजिंगमध्ये यांग यांगने त्याला अंतिम सामन्यात हरवलं. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला पदकं सुरू झाली १९९२ला, आणि फ्रॉस्ट १९९१लाच निवृत्त झाला. म्हणजे ती संधी त्याला मिळालीच नाही.

कॅलगरीचा पहिला गेम त्याने १८–१४ असा घेतला होता. मुलं विचारतील, पंधराच्या गेममध्ये अठरा कुठून आले? तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा. १३–१३ झाले की आधी तेरावर पोचलेल्याला आणखी पाच गुणांचा खेळ मागता यायचा. म्हणून १८–१४ म्हणजे बरोबरीनंतर ५–१. सर्व्हिस गेली तर गुण जायचा नाही, नुसती सर्व्हिस जायची, त्यामुळे रॅल्या लांबायच्या आणि दमसासाला फार मोल होतं. १९८७च्या ऑल इंग्लंडचा दुसरा गेम फ्रॉस्टने १५–० घेतला. सुगिआर्तोच्या एकाही सर्व्हिसवर त्याने गुण जाऊ दिला नाही. २००६पासून प्रत्येक रॅलीला गुण असलेली २१ची पद्धत आली. जुने सामने बघताना हा फरक डोक्यात ठेवा, नाहीतर फ्रॉस्ट उगाच वाट बघत बसलाय असं वाटेल.

आपला धागाही सांगा. प्रकाश पदुकोण १९८०ला ऑल इंग्लंड जिंकल्यावर सरावासाठी कोपनहेगनला आले. तिथे ते आणि फ्रॉस्ट एकत्र सराव करायचे आणि त्यांची घट्ट मैत्री झाली.

प्रशिक्षक म्हणून १९९०च्या दशकात फ्रॉस्ट डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाकडे होता, शिवाय मलेशिया आणि दक्षिण आफ्रिकेतही त्याने काम केलं. त्याच दशकात डेन्मार्कचा पॉल-एरिक होयर १९९५ आणि १९९६ला ऑल इंग्लंड जिंकला आणि अटलांटात दोंग जिओंगला हरवून ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला. त्याचं श्रेय एकट्या फ्रॉस्टला देऊ नका. इथली, डेन्मार्कमधली, क्लबची घडी जुनी आणि पक्की आहे. २०१५ ते २०१७ तो पुन्हा मलेशियात तांत्रिक संचालक होता. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मलेशियाने बॅडमिंटनमध्ये तीन रौप्यपदकं मिळवली.

---

विषय: उत्तर: शनिवारचं बॅडमिंटन
प्रेषक: ताई, ऑरहूस

काका, छान लिहिलंत. समितीला एक सांगते: फ्रॉस्टचे सामने दाखवताना मुलांना फूल (शटल) बघू देऊ नका, त्याचे पाय बघायला लावा. त्याचा खेळ वेगावर आणि पायांवर उभा होता.

आधी स्प्लिट स्टेप. समोरच्याची रॅकेट फुलाला लागते, तेव्हा दोन्ही पावलं बारीक उसळी घेऊन खांद्याएवढ्या अंतरावर टेकतात आणि त्याच दाबाने पुढची दिशा मिळते. ही उडी नाही, टाचा सुटल्या की पुरे. मुलं उंच उडतात आणि उशिरा खाली येतात, किंवा आधीच टेकून ताठ होतात. पहिले दोन शनिवार फूल न देता टाळीवर टेकायला शिकवा.

उभं राहायची जागा: पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून १.९८ मीटरवर असते. ती मधल्या रेषेला मिळते तिथून दोन मोठी पावलं मागे चिकटपट्टी लावा. पाठमोरं जाणं पुढे जाण्यापेक्षा अवघड, म्हणून मागचे कोपरे जरा जवळ हवेत.

उजव्या हाताच्या मुलाने मागच्या उजव्या कोपऱ्यात जाताना उजवा पाय मागे टाकून अंग वळवायचं, एक सरकतं पाऊल घ्यायचं आणि फटक्याबरोबर हवेतच कात्रीसारखी पायांची अदलाबदल करायची. डावा पाय मागे टेकतो, उजवा पुढे येतो. सगळी गोम त्या डाव्या पायात आहे. त्याचा चवडा बाहेरच्या बाजूला वळलेला हवा आणि अंगाचा भार टेकायच्या आधीच पुढे झुकलेला हवा. चवडा सरळ जाळीकडे ठेवून टाच आपटली तर सगळा ताण पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येतो. आवाजावरूनही कळतं: बरोबर टेकलं तर बुटाची बारीक ‘चुर्र’ येते, चुकलं तर धप्प. पुढे झेपावताना उजवी टाच आधी टेकवा, बोटं फुलाच्या दिशेला ठेवा. गुडघा आत कलला की लगेच टोका.

बारा मुलांचे चार-चारचे तीन गट करा. दोन कोर्टांच्या चार बाजूंना चार मुलं नुसत्या पावलांचा सराव करतील, चार जण कडेला उभं राहून रॅकेटने कोपरा दाखवतील, चार विश्रांती घेतील. दर २० सेकंदांनी गट बदला. प्रत्येकाला २० सेकंद काम आणि ४० सेकंद दम मिळतो. सहा फेऱ्या सहा मिनिटांत होतात. मूल चिकटपट्टीवर परतायचं टाळू लागलं की त्याची ती फेरी तिथेच थांबवा. दमल्यावर घेतलेल्या पळवाटेची पायांना फार लवकर सवय लागते, आणि ती मोडायला महिने जातात.

---

विषय: उत्तर: शनिवारचं बॅडमिंटन
प्रेषक: दादा, माल्मो

काका, एक भर घालतो. २०१६ला कुनशानमध्ये डेन्मार्कने इंडोनेशियाला ३–२ हरवून थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकला. युरोपातल्या संघाने पहिल्यांदाच. पहिल्या एकेरीत व्हिक्टर अॅक्सेलसनने टॉमी सुगिआर्तोला हरवलं. टॉमी म्हणजे त्याच इकुकचा मुलगा. एकेरीच्या खेळाडूंचा प्रशिक्षक होता केनेथ योनासन, २००८चा युरोपीय विजेता, तोही एकेरीतूनच आलेला.

समितीसाठी: हॉल थंड असेल तर हवा दाट होते आणि फूल लवकर पडतं. नायलॉनची फुलं घेणार असाल तर लाल पट्टीची, म्हणजे जास्त वेगाची घ्या, पिसांची घेणार असाल तर ७७ऐवजी ७८ नंबर. पारखायचं असेल तर मागच्या रेषेवरून खालून, पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर आत पडलं तर वेग बरोबर. हे मोठ्या माणसाने करावं, मुलांचा जोर पुरत नाही. चिकटपट्टी मात्र कापडी आणा. प्लॅस्टिकच्या पट्टीवरून बूट घसरतात.