पप्पांच्या एक्स-रेत डाग आलाय, "क्लिनिकली कोरिलेट" म्हणजे काय?

सातपूरचा_योग्या:
पप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, फिटनेससाठी छातीचा एक्स-रे काढला तर रिपोर्टात आलं उजव्या अप्पर झोनमध्ये फायब्रोटिक ओपॅसिटी, डावा सीपी अँगल ब्लंट, आणि खाली क्लिनिकली कोरिलेट करा. आता हे कोरिलेट कोणी करायचं, मी? चेस्टवाल्यांची अपॉइंटमेंट सोमवारची. वय ६४, खोकला नाही ताप नाही, रोज सोमेश्वरपर्यंत चालत जातात. गुगल केलं तर टीबी नाहीतर कॅन्सर, आईने जेवण सोडलंय.

निफाडकर_तात्या:
आमच्या भावाला पण डाग निघाला होता, शेवटी ती निपलची सावली निघाली 😄 टेन्शन घेऊ नका

डार्करूम_ताई:
तात्या, निपल खालच्या बाजूला दिसतं, वर नाही. मी टेक्निशियन आहे, निदान माझं काम नाही, पण रेडिओलॉजिस्टने फक्त सावली बघितलेली असते, पेशंट नाही, म्हणून तसं लिहितात, म्हणजे डॉक्टरांनी पेशंट तपासून रिपोर्टाशी ताडून बघायचं. फायब्रोटिक म्हणजे बहुतेक वेळा भरलेल्या जखमेचा व्रण, वरच्या भागात बऱ्याचदा जुन्या टीबीचा. सीपी अँगल म्हणजे फुप्फुसाचा खालचा टोकदार कोपरा, तो बोथट झाला तर पाणी असू शकतं नाहीतर फुप्फुसावरचा पडदा चिकटलेला. उभ्याने काढलेल्या फिल्मवर साधारण २०० मिली पाणी झालं की दिसतं. एका फिल्मवरून डाग जुना की नवा ते नक्की नाही सांगता येत, जुना एक्स-रे शोधा आधी.

सातपूरचा_योग्या:
ताई सापडला! कंपनीच्या मेडिकलचा, २०११ चा, माळ्यावरच्या ट्रंकेत, पाकिटाला फिल्म चिकटलेली. खिडकीला धरून बघितलं, वरच्या दोऱ्यासारख्या रेघा तशाच आहेत. पण डावा कोपरा त्यात एकदम टोकदार आहे हो.

डॉ_गंगापूररोड:
मग वरच्याची काळजी कमी, तरी दोन्ही फिल्म डॉक्टरांना दाखवाच. कोपरा नंतर बदललाय, त्याला छातीची सोनोग्राफी, पाणी आहे की नाही लगेच कळतं. टीबीची शंका आलीच तर बेडक्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी टेस्ट) सरकारी केंद्रात फुकट होते. हर्निया आत जात असेल तर ऑपरेशन थांबू शकतं, पण हर्निया अडकून दुखायला लागला, उलट्या झाल्या तर सोमवारची वाट बघू नका. आणि छातीला कधी मार लागला होता का विचारा, त्यानेही पडदा चिकटून कोपरा बोथट होऊ शकतो.

सातपूरचा_योग्या:
विचारलं. २०१६ ला द्वारकाजवळ गाडीवरून पडले होते, डाव्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, मी तेव्हा पुण्याला होतो. आम्हाला "मुका मार" सांगितलं होतं. आई आता जेवतेय पण पप्पांशी बोलत नाहीये.