डिसेंबरात भारतवारी, बाळ ७ महिन्यांचं: गोवरची लस आत्ताच द्यायची?

प्रेषक: नवी आई, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी, डिसेंबरात पुण्याला चाललोय, लेक तेव्हा ७ महिन्यांची असेल. इथले पेडियाट्रिशियन म्हणतायत निघायच्या आधी एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस) एक डोस द्या, पण तो धरला जाणार नाही, वर्षाची झाली की परत दोन आहेतच. धरायचा नाही तर टोचायचा कशाला?? सासूबाई म्हणतात आपल्याकडे ९ महिन्यांना देतात, इथेच देऊ. कुणी दिलाय का?

उत्तर: एक बाबा

आम्ही दिलेला, मांडीत, जरा रडला नि झालं. पण फॅमिली ग्रुपवर या लसीने ऑटिझम होतो असा तो फॉरवर्ड फिरत असतोच, बायको तेव्हा जाम टेन्शनमध्ये होती. डॉक्टरमावशी, लिस्टवर आहात ना अजून?

उत्तर: डॉक्टरमावशी

आहे रे, पॉटलकच्या ढीगभर मेल्स उडवत इथवर पोचले.

असं बघ, आईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे येतात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. एमएमआरमध्ये गोवरचा जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तो अंगात थोडा वाढला तरच बाळाच्या स्वतःच्या पेशी त्याला ओळखायला शिकतात आणि लक्षात ठेवतात. आईच्या अँटीबॉडीज भरपूर शिल्लक असल्या तर त्या त्याला वाढूच देत नाहीत, मग शिकणं अर्धवट राहतं. त्या कुणाच्या लवकर उतरतात, कुणाच्या उशिरा. त्यामुळे ७ महिन्यांना दिलेला डोस बऱ्याच बाळांना लागू पडतो, पण तुझ्याच बाळाला पडला का ते छातीठोक सांगता येत नाही, म्हणून धरत नाहीत. वर्षानंतर एका डोसने सुमारे ९३ टक्के आणि दोन डोसांनी ९७ टक्के संरक्षण मिळतं.

सासूबाईंचं तिकडच्या हिशोबाने बरोबर आहे. भारतात गोवर जास्त, बाळांना लहानपणीच गाठतो, म्हणून ९ महिन्यांना देतात. पण तुम्ही उतरणार ७ व्या महिन्यात, मधल्या दोन महिन्यांचं काय? २०२२ मध्ये गोवंडीत केवढी साथ आली होती. गोवरचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी व्हायरस दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि लस न घेतलेले १० जण जवळ असले तर ९ जणांना होतो. शिवाय गोवर झाला की आधीच्या आजारांची शरीराची आठवणसुद्धा बरीचशी पुसली जाते, मग पुढे न्यूमोनिया वगैरे मागे लागतात. आमच्या पिढीत "गोवर काय, सगळ्यांनाच होतो" म्हणायचे, त्यात गेलेली मुलं मोजायला कोण बसलं होतं.

आता त्रास. ताप त्याच दिवशी नाही, ७ ते १२ दिवसांनी येऊ शकतो, कधी बारीक पुरळही. ३००० ते ४००० डोसांमागे एखाद्याला तापात आकडी येते, बघणाऱ्याची घाबरगुंडी उडते पण सहसा मागे काही राहत नाही. जोराची अ‍ॅलर्जी १० लाखांत एखाद्याला, म्हणून टोचल्यावर १५ मिनिटं क्लिनिकमध्येच बसा. अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी चालते. इम्युनिटी फार कमी असलेल्यांना आणि गरोदर बायकांना मात्र ही लस देत नाहीत, जिवंत आहे ना.

त्यामुळे फ्लाइटच्या आदल्या दिवशी नको. तीनेक आठवडे आधी द्या, ताप आलाच तर घरी येऊन जाईल, आणि इम्युनिटी तयार व्हायला दोन आठवडे लागतात तेही मिळतील.

ऑटिझमचा तो फॉरवर्ड ज्यावरून निघाला तो वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा पेपर १९९८ चा, अवघ्या १२ मुलांवरचा. तो छापणाऱ्या लॅन्सेट या मेडिकल जर्नलनेच २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं बघितली, २०१९ मध्ये छापून आलं, काहीही संबंध सापडला नाही. फॉरवर्ड करणाऱ्याला एवढं पाठव.

उत्तर: नवी आई

थँक्यू मावशी, उद्याच फोन करते. आणि आम्हा दोघांचं काय? नवऱ्याचं लसीचं कार्ड सांगलीच्या पुरात गेलं, माझं आईला सापडत नाहीये.

उत्तर: डॉक्टरमावशी

कार्ड नसेल तर घेतली नाही असं धरायचं. दोघांनी दोन डोस घ्या, मध्ये २८ दिवस, म्हणजे पहिला याच आठवड्यात. आधी घेतलेली असली तरी जादा डोसाने बिघडत नाही. बाळाला पाजत असलीस तरी चालतं, फक्त दुसरं येऊ घातलेलं नाही ना तेवढं बघ.