'दाब कमी करणारी झडप' म्हणजे नेमकी कोणती?

हायड्रॉलिक प्रेसची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. रिलीफ व्हॉल्व्ह आणि रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, दोन्हींना 'दाब कमी करणारी झडप' लिहिलं, तर तपासणाऱ्याने दोन्हीकडे लाल रेघ मारली. काय चुकलं? 'क्रॅकिंग प्रेशर'लाही शब्द हवाय. सध्या 'तडकण्याचा दाब' लिहिलाय.

---

रिलीफ दाब कमी करत नाही, वाढू देत नाही. ती एरवी बंद असते. तिचा डोळा पंपाकडच्या बाजूवर. दाब ठरवलेल्या आकड्याला टेकला की तेल टाकीत सोडते. रिड्यूसिंग एरवी उघडी आणि तिचं लक्ष पुढच्या बाजूवर. मुख्य लाइनीत 150 बार असले तरी क्लॅम्पच्या फाट्यावर ती 50च ठेवते. तुमचा शब्द फार तर हिला चालेल. पहिलीला 'दाबमर्यादक' म्हणा. 'दाबमोचक' कानाला बरा वाटतो, पण पाना हातात असलेल्या माणसाला तो शब्दकोशाकडे पाठवेल. मी तर सरळ रिलीफ व्हॉल्व्हच लिहीन.

तडकत काहीच नाही हो! दार किलकिलं होतं तशी झडप किलकिली होते आणि तेलाची पहिली धार सुटते, तो हा दाब. सताड उघडायला त्याहून थोडा जास्त लागतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे छापा.

आणि 'पंप दाब तयार करतो' असं कुठे असेल तर खोडा. पंप तेल ढकलतो, दाब येतो अडवणुकीतून. 50 मिमी बोअरचा सिलिंडर मोकळा पुढे जात असेल तर गेजचा काटा जेमतेम हलतो. दोन टनांचा भार आला की तोच 100 बारपाशी जातो.

---

वरच्या 'उघडी'बद्दल एक भर. वायरिंगवाल्यांचा कॉन्टॅक्ट उघडा म्हणजे करंट थांबला. झडप उघडी म्हणजे तेल वाहिलं. दोन्ही 'नॉर्मली ओपन' एकाच पानावर आले की घोळ ठरलेला. मी झडपेला 'एरवी वाहती' लिहितो.

'अ‍ॅक्च्युएशन'ला 'कार्यान्वयन' नको, ते योजनांचं होतं. झडप कशाने चालते एवढंच सांगा: दांड्याने, कॉइलने (म्हणजे विजेच्या चुंबकाने) की तेलाने. मोठा स्पूल, म्हणजे झडपेच्या आत सरकून तेलाची वाट बदलणारा भाग, सरकवायला कॉइलचा जोर पुरत नाही. ती छोटी पायलट झडप हलवते आणि तिथून सुटलेलं तेल मोठ्या स्पूलला ढकलतं. आमच्या नोंदवहीत एकदा 'व्हॉल्व्ह ऑपरेट झाला' अशी नोंद होती. कॉइल टक्क वाजली होती, इतकंच. पायलटला दाबच नव्हता, स्पूल जागचा हलला नव्हता, आणि आम्ही तासभर सिलिंडरचे सील तपासत बसलो. तेव्हापासून 'कॉइल लागली' आणि 'स्पूल सरकला' अशा दोन वेगळ्या नोंदी करतो.

---

दोघांचे आभार. पायलटवरून आठवलं, चाळिसाव्या पानावर मी 'वैमानिक दाब' लिहून ठेवलंय. तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटलंय. आधी ते बदलतो.