पावती उघडत नाही, बातमी उघडत नाही : ॲड ब्लॉकर नेमका कुठे बंद करायचा?

सेक्रेटरी : सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सची लिंक टाकली की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, पैसे गेले पण पावती उघडत नाही. दोन, "ॲड ब्लॉकर बंद करा" असा बोर्ड येतो आणि पुढे काही दिसत नाही. काल मच्छीमारीबंदीच्या बातमीची लिंक टाकली, तिथेही तेच. ए-३०२, तुमचा हा रोजचा विषय. एकदा नीट लिहा इथे. मेसेज पिन करून ठेवतो.

ए-३०२ : लिहितो. आधी एक गोष्ट वेगळी काढू. पावतीचा आणि ॲड ब्लॉकरचा, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या सोयीचा, बहुतेक वेळा काही संबंध नसतो. पावती नव्या टॅबमध्ये उघडते, आणि आपण न दाबता उघडणारा टॅब ब्राउझर अडवतो. तो पॉप-अप ब्लॉकर. क्रोममध्ये तो पहिल्यापासून चालूच असतो, कोणी मुद्दाम टाकावा लागत नाही.

क्रोममध्ये पॉप-अप अडला की स्क्रीनवर छोटी पट्टी येते, तिच्यावर "ऑलवेज शो" असतं. ते दाबलं की त्या साइटपुरती परवानगी मिळते. पट्टी निघून गेली असेल तर : वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स. तिथलं बटण सरसकट चालू करू नका, त्या एकाच साइटला परवानगी देता आली तर तेवढीच द्या. फोनची भाषा मराठी असेल तर नावं मराठीत दिसतील, जागा तीच.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी, त्यात "ब्लॉक पॉप-अप्स". नव्या आयओएसमध्ये (१८ पासून) सफारी आता "ॲप्स" या भागात गेलंय, म्हणून जुन्या जागी सापडत नाही. काम झालं की परत चालू करा.

खजिनदार : त्यात माझी एक भर. पान पांढरं राहिलं म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी बँकेचा मेसेज बघा. यूपीआय केलं असेल तर १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो मला वैयक्तिक पाठवा. पावती माझ्याकडूनही निघते. दोनदा भरलेले पैसे परत करणं हे मात्र माझ्यासाठी खरं काम.

बी-१०२ काकू : माका तो शिंव दिसणाच नाय रे. चेडू म्हणता शिंवावर दाब. वर दोन दांडे नि गोळे असलेला चिन्न आसा फक्त.

ए-३०२ : काकू, ते क्रोम आहे. सिंह ब्रेव्ह नावाच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये असतो. तुमच्या फोनात ब्रेव्ह नसेल तर सिंह शोधू नका. आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचं छोटं ॲप) बसवायची सोयच नाही, त्यामुळे क्रोमच्या आत ॲड ब्लॉकर असण्याचा प्रश्न येत नाही. तरीही क्रोममध्ये "ॲड ब्लॉकर बंद करा" येत असेल तर ब्लॉकर ब्राउझरच्या बाहेर कुठेतरी आहे. त्याच्याकडे येतोच.

बी-४०१ : एक दुरुस्ती. क्रोमचा जाहिराती गाळणारा स्वतःचा फिल्टर आहे. साइट सेटिंग्जमध्ये "इंट्रूसिव्ह ॲड्स" नावाने. २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, २०१९ च्या जुलैपासून जगभर. पण फार त्रासदायक जाहिराती लावणाऱ्या साइट्सवरच तो लागू होतो. नेहमीच्या बातमीच्या साइटला त्याने काही अडत नाही. त्याला हात लावू नका.

ए-३०२ : बरोबर. आता ज्यांच्या ब्राउझरमध्येच ब्लॉकर आहे त्यांच्यासाठी.

ब्रेव्ह : पत्त्याच्या पट्टीत सिंह. दाबला की शील्ड्सचं (ब्रेव्हच्या ब्लॉकरचं नाव) मोठं बटण येतं, ते त्या साइटसाठी बंद करा. पान आपोआप पुन्हा लोड होतं. इतकं सरळ दुसऱ्या कुठल्या ब्राउझरमध्ये नाही.

फायरफॉक्स : इथे दोन जागा आहेत आणि लोक एकच बंद करतात. पत्त्याजवळची ढाल म्हणजे ट्रॅकिंग प्रोटेक्शन, आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या गोष्टी अडवणारं. ती दाबून त्या साइटसाठी बंद होते. पण यूब्लॉक ओरिजिन हे ॲड ब्लॉकरचं एक्स्टेन्शन घातलेलं असेल तर ते वेगळं. तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, यूब्लॉक, आणि आत मोठं पॉवरचं बटण. ते निळं असेल तर चालू, राखाडी झालं की त्या साइटपुरतं बंद. मग पान रीलोड करा. रीलोड केल्याशिवाय काही बदलत नाही, कारण ब्लॉकरने अडवलेल्या गोष्टी पान पहिल्यांदा उघडतानाच गाळल्या गेलेल्या असतात. "बंद केलं तरी तसंच आहे" याचं निम्मं कारण हेच.

सॅमसंग इंटरनेट : खाली तीन रेघा, त्यात "ॲड ब्लॉकर्स". तिथे बसवलेल्या ब्लॉकरचं बटण. हे ब्लॉकर वेगळं ॲप म्हणून बसलेले असतात. एका साइटला सूट द्यायची असेल तर ती त्या ॲपमध्ये शोधा. बटण बंद केलं तर सगळ्या साइट्सना मोकळं होतं, हे लक्षात ठेवा.

ऑपेरा, एज : दोन्हींत सेटिंग्जमध्ये ॲड ब्लॉकिंगचं बटण आहे. एजमध्ये ते प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या आत.

बी-२०१ : आयफोनवाल्यांचं काय?

ए-३०२ : सफारीत पत्त्याच्या डाव्या टोकाला छोटं चिन्ह असतं, जुन्या फोनांवर लहान-मोठा ए. ते दाबा, वेबसाइट सेटिंग्ज, त्यात "यूज कंटेंट ब्लॉकर्स" (सफारीतल्या ॲड ब्लॉकरचं नाव). बंद करा. ही ओळच दिसत नसेल तर तुमच्याकडे कंटेंट ब्लॉकर बसवलेलाच नाही, म्हणजे कारण दुसरं. आणि एक ध्यानात घ्या : सफारीसाठी बसवलेला कंटेंट ब्लॉकर आयफोनवरच्या क्रोमला लागू होत नाही. तुम्ही लिंक क्रोममध्ये उघडत असाल तर सफारीच्या सेटिंग्ज चिवडून काही होणार नाही.

बी-१०२ काकू : माझा क्रोमच. मग माझ्या फोनार काय लागला?

बी-४०१ : काकू, आता तुमच्यासारख्यांचीच पाळी. गणपतीला आलेले चाकरमानी फोन हातात घेतात, "सगळ्या जाहिराती घालवून देतो" म्हणतात आणि काय केलं ते न सांगता दादरला परत जातात. त्यांनी बहुतेक प्रायव्हेट डीएनएस घातलेला असतो.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रायव्हेट डीएनएस. सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज. हे अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनांत आहे. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधात "डीएनएस" टाका, सगळ्यात सोपं. तिथे कुठलातरी पत्ता लिहिलेला दिसला (ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा बऱ्याच ठिकाणी असतो) तर "ऑटोमॅटिक" निवडा आणि सेव्ह करा. आधी तो पत्ता लिहून ठेवा, परत घालायचा असेल तर लागेल.

कारण असं : साइटचं नाव घेऊन तिचा नंबर सांगणं हे डीएनएसचं काम. ब्लॉकरवाला डीएनएस जाहिरातींच्या सर्व्हरचा नंबर विचारला की "असं कोणी नाही" म्हणून हात झटकतो. त्यामुळे सगळ्या ब्राउझरांतल्या आणि सगळ्या ॲपमधल्या जाहिराती एकदम अडतात. ब्राउझरमध्ये काहीही बंद केलं तरी फरक नाही. अशा तयार डीएनएसला एका साइटपुरती सूट देता येत नाही, काढला तर सगळ्यासाठी निघतो. तेव्हा काम झालं की परत घालायचा.

यातच अजून एक दुखणं. बाहेर लॉजच्या वाय-फायला जोडल्यावर "इंटरनेट नाही" येतं आणि आपण वाय-फायवाल्याला बोलतो. प्रायव्हेट डीएनएस ८५३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवरच्या एका ठरलेल्या दारातून, बोलतो. ते पोर्ट काही वाय-फायवर बंद असतं. पत्ता हाताने घातलेला असला की फोन दुसरीकडे जात नाही, सगळंच थांबतं. "ऑटोमॅटिक"वर असेल तर साध्या डीएनएसवर येऊन चालतं.

ए-१०३ : माझ्याकडे डीएनएस ऑटोमॅटिकच आहे. तरी बोर्ड येतो. वर एक किल्लीचं चिन्ह आहे.

बी-४०१ : किल्ली म्हणजे व्हीपीएन चालू, फोनची नेटची सगळी वाहतूक एका वेगळ्या वाटेने नेणारी सोय. पूर्ण फोनभर जाहिराती अडवणारी ॲप फोनातल्या फोनात व्हीपीएन तयार करतात आणि सगळी वाहतूक त्यातून गाळतात. त्या ॲपमध्ये जाऊन थांबवा. ही ॲप चांगली असतात, त्यांत साइटला किंवा एखाद्या ॲपला सूट देता येते. तेच करा. पूर्ण बंद करण्यापेक्षा ब्राउझरला तेवढी सूट.

ॲप थांबवल्यावर नेटच गेलं तर घाबरू नका. सेटिंग्जमध्ये व्हीपीएन, त्या ॲपसमोरचं चक्र, आणि "ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन" बंद करा. ते चालू असतं तेव्हा व्हीपीएनशिवाय एक अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही अशी फोनला आज्ञा असते.

ए-१०३ : तेच होतं. आता उघडलं.

सेक्रेटरी : आणि घरच्या वाय-फायच्या राउटरवर कोणी काही केलं असेल तर?

बी-४०१ : त्याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची. वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर तेच पान उघडा. डेटावर उघडलं आणि वाय-फायवर नाही, तर राउटरमध्ये ब्लॉकरचा डीएनएस आहे. दोन्हीकडे नाही, तर दोष फोनात किंवा ब्राउझरमध्ये. खरं म्हणजे सगळ्यांनी सुरुवात इथूनच करायला हवी. मग किल्ली बघा, मग प्रायव्हेट डीएनएस, आणि शेवटी ब्राउझर. लोक नेमकं उलट्या बाजूने जातात.

बी-२०१ : मुळात बंद का करायचा? जाहिराती बघून डेटा संपवायचा का? लाइट गेली की वाय-फाय नाही, सगळं मोबाइलवर.

ए-३०२ : मुद्दा बरोबर आहे, व्हिडिओच्या जाहिराती डेटा खातात. पण १ जून ते ३१ जुलै मच्छीमारी बंद, वादळाचा इशारा, बंदरावर कुठला बावटा लावला, हे रोज सांगणारी छोटी स्थानिक पोर्टलं जाहिरातींवरच चालतात. त्यांना सूट द्यायला माझी हरकत नाही. पाच व्हिडिओ एकदम वाजवणाऱ्या साइटला मी देणार नाही. बातमी दुसरीकडे मिळते.

सी-१०१ : मी सरसकट बंद केला, आता दर तासाला "फोनमध्ये व्हायरस" अशी नोटिफिकेशनं येतात.

बी-४०१ : व्हायरस नाही. कुठल्यातरी पानाने "अलाउ दाबा म्हणजे पुढे जाल" असं दाखवलं आणि ते दाबलं गेलं. त्या नोटिफिकेशनवर टिचकी मारू नका, त्यात सांगितलेलं "क्लीनर" ॲप तर अजिबात घेऊ नका. क्रोम, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. "अलाउड"खाली अनोळखी पत्ते दिसतील. प्रत्येक उघडून ब्लॉक करा. नोटिफिकेशन बोटाने दाबून धरलं तर तिथूनही त्या साइटचं बंद करता येतं, पण यादी बघितलेली बरी, सहसा एकापेक्षा जास्त असतात.

ब्लॉकर बंद असताना "डाउनलोड" लिहिलेली मोठी हिरवी बटणंही दिसतील. आपली पावती सहसा साध्या अक्षरांतल्या दुव्यावर असते. बटण जितकं मोठं, तितका संशय घ्या.

बी-१०२ काकू : डीएनएस ऑटोमॅटिक केलंय. बातमी उघाडली. पण गेमात आता जाहिराती येतत.

बी-४०१ : येणारच काकू, तो डीएनएस गेमच्या पण अडवत होता. बातमी वाचून झाली की तोच पत्ता परत घाला. लिहून ठेवलात ना?

बी-१०२ काकू : कॅलेंडरावर लिवलंय.

सेक्रेटरी : पिन केलं. ज्यांची पावती अजून अडलेली आहे त्यांनी फोनचं मॉडेल, ब्राउझर, आणि वाय-फाय की डेटा एवढं लिहून मग विचारा. नुसतं "उघडत नाही" असं लिहिलेल्यांना उत्तर मिळणार नाही.