इस्तंबूलचं हेअर ट्रान्सप्लांट पॅकेज: एका दिवसात ४५०० ग्राफ्ट, घ्यावं का?

माइनतीरी
मंडळी, फ्रँकफुर्टहून विचारतोय. वय ३१, वजन ७० किलो, नॉरवूड ४ (टक्कल मोजायच्या सात पायऱ्यांतली चौथी). दोन्ही कोपरे मागे गेलेत, भोवऱ्यापाशी विरळ. बाबा आणि मामा दोघांनाही पूर्ण टक्कल. औषध काही सुरू नाही. इस्तंबूलच्या एका क्लिनिकनं व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो बघून २३०० युरोत पॅकेज दिलंय: ४५०० ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायची केसांची मुळं), 'सफायर डीएचआय', तीन रात्री हॉटेल, विमानतळापासून गाडी, पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), वर आजीवन गॅरंटी. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येणार आहे, तिथेच करावं का? आणि काही बिघडलं तर जर्मनीतला विमा बघतो का?

मुळाशी_जा
४५०० हा आकडा फोटोवरून निघत नाही. त्यासाठी डोक्याच्या मागच्या भागावर भिंग ठेवून दर चौरस सेंटीमीटरला किती ग्राफ्ट आहेत ते मोजावं लागतं.

ढोबळ हिशेब मांडतो. कानामागून कानामागपर्यंतचा कायम टिकणारा पट्टा साधारण १५० चौ. सेंमी. घनता ७० धरली तर १०,५०० ग्राफ्ट. त्यातले निम्मे काढले की विरळपणा डोळ्यांना दिसायला लागतो. म्हणजे तुमची आयुष्यभराची पुंजी सव्वापाच हजार, आणि त्यातले ४५०० पहिल्याच दिवशी खर्च. बाबा-मामांकडे बघता तुम्ही नॉरवूड ६ कडे निघालेले असू शकता. तिथे भरायची जागा २०० चौ. सेंमीच्या आसपास होते, आणि दर चौ. सेंमीला नुसते ३० लावायचे म्हटले तरी ६००० लागतात. तेव्हा उरलेल्या साडेसातशेंत काय करणार? पुढे केसांचं बेट आणि मागे गुळगुळीत मैदान. पहिल्या बैठकीत २०००-२५०० आणि तेही फक्त पुढच्या भागात, भोवऱ्याला आत्ता हात नको.

जास्त काढले की मागचा भाग कसर लागलेल्या लोकरीच्या कपड्यासारखा दिसतो. ते भरून येत नाही, एकदा काढलेल्या जागी नवीन मूळ उगवत नाही. 'आजीवन गॅरंटी' म्हणजे बहुतेक वेळा फुकट दुसरी बैठक. ती कशातून? तुमच्याच उरलेल्या केसांतून, विमानाचं तिकीट तुमचं.

अवांतर: सफायर म्हणजे ग्राफ्ट लावायला खाचा पाडायच्या पात्याचा स्फटिक. डीएचआयमध्ये चोई पेन (पोकळ सुईचं पेन) टोचता टोचताच ग्राफ्ट लावतं. नावं जोडून काही क्लिनिकं भाव वाढवतात. फरक हातात असतो, पात्यात नाही.

भूलवाला
'सर्जन कोण' एवढंच विचारू नका. चार कामं वेगवेगळी विचारा: भूल कोण देतं, पंच (मूळ गोल कापून काढायचं हत्यार) कोण मारतं, खाचा कोण पाडतं, लावतं कोण. लावायचं काम टेक्निशियन करतात, ते बऱ्याच ठिकाणी चालतं. पण पंच आणि खाचा डॉक्टरच्या हातच्या हव्यात. पंच ०.८ ते १ मिमीचा असतो. त्वचेखाली मुळाचा कोन बदलतो, तो हाताला कळला नाही की मूळ मधोमध कापलं जातं. खाचेचा कोन चुकला तर पुढचे केस ब्रशसारखे ताठ उभे राहतात. एक डॉक्टर दिवसाला किती पेशंट घेतो हेही विचारा. पाच-सहा म्हणाले तर तो फक्त पेन्सिलीनं रेघ मारून जाणार.

अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची (भुलीच्या औषधाची) कमाल मात्रा किलोला ७ मिग्रॅ. तुम्हाला ४९०, म्हणजे २ टक्क्यांचं औषध साडेचोवीस मिली. मोठ्या बैठकीत भूल दोनदा-तीनदा भरावी लागते आणि हिशेब कोणी ठेवला नाही की मर्यादा ओलांडते. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, असं काही वाटलं की तिथल्या तिथे सांगायचं. पुढची पायरी झटक्यांची असते.

काढलेला ग्राफ्ट थंड सलाइनमध्येच हवा. गॉजच्या पट्टीवर चार मिनिटं कोरडा पडला तरी त्याचं नुकसान सुरू होतं.

कागदपत्र_काका
तुर्कस्तानात परदेशी पेशंट घेणाऱ्या संस्थेला तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं आंतरराष्ट्रीय आरोग्य पर्यटनाचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते मागवा आणि त्यावरचं नाव पावतीवरच्या नावाशी ताडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा 'सल्लागार' बऱ्याचदा कमिशनवरचा एजंट असतो.

विम्याचं: जर्मन सामाजिक कायद्याच्या पाचव्या ग्रंथातलं कलम ५२ वाचा. वैद्यकीय गरज नसलेल्या सौंदर्य शस्त्रक्रियेतून, टॅटूतून किंवा पिअर्सिंगमधून आजार उद्भवला, तर सरकारी आरोग्य विमा कंपनी उपचार नाकारत नाही, पण खर्चाचा वाटा तुमच्याकडून घेते आणि आजारपणाचा भत्ताही अडवू शकते. साधा प्रवास विमा बहुधा हे धरतच नाही. सुट्टीही हक्काच्या रजेतूनच टाका.

माइनतीरी
आभार. म्हणजे डिसेंबरात पुणे पक्कं करू?

मुळाशी_जा
पुण्यात एक फायदा नक्की: दहाव्या दिवशी त्याच डॉक्टरला डोकं दाखवता येतं. पण पाटी बघून जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच बजावलंय की कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून हे काम शिकलं असं होत नाही. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. दर विचारताना 'ग्राफ्टमागे की केसामागे' हे स्पष्ट करून घ्या. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोनच्या वर केस असतात, त्यामुळे '५००० केस' म्हणजे जेमतेम अडीच हजार ग्राफ्ट.

आणि या डिसेंबरात नकोच. आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारून फिनास्टेराइड १ मिग्रॅ (गळती रोखायची गोळी) आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल (डोक्याला लावायचं औषध), सहा महिने ते वर्षभर. गळती थांबली की किती ग्राफ्ट लागतील हे खरं कळतं, आणि शस्त्रक्रियेच्या धक्क्यानं आजूबाजूचे मूळचे केस गळायचं प्रमाणही कमी होतं. फिनास्टेराइड चालू असताना रक्तदान करता येत नाही, आणि पीएसए (प्रोस्टेटच्या रक्त) तपासणीत आकडा निम्मा दिसतो, डॉक्टरला तसं सांगायचं.

केसांची पुढची रेघ भुवयांच्या मधल्या बिंदूपासून सात-आठ सेंमी वर, कोपरे थोडे मागे. पहिल्या दोन ओळींत एककेसीच ग्राफ्ट.

भूलवाला
एक राहिलं. पहिल्या चार रात्री डोकं ४५ अंश उंच ठेवून झोपायचं, नाहीतर सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. खपल्या नखानं काढायच्या नाहीत, दहाव्या दिवसापर्यंत धुताना आपसूक सुटतात. दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळतात, घाबरू नका, मूळ आत असतं. चौथ्या महिन्यात लव दिसते, खरा निकाल बाराव्या महिन्यात. पण लावलेल्या भागात मधोमध त्वचा काळी-जांभळी पडली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथला रक्तपुरवठा बंद पडतोय, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं.