पावसाळ्यात विरजण कुठलं घ्यावं? (टिळकवाडी, सोसायटी ग्रुप)

ए-१०३: पाऊस लागल्यापासून दही धड लागत नाही. सकाळी बघावं तर पातळ पाणी. नवीन विरजण घ्यायचंय. पॅकेटातलं दही, ऑनलाइन मिळते ती पावडर का केफिरचे (आंबवलेल्या दुधाच्या पेयाचे) दाणे?

सी-३०२: पॅकेटातलंच घाला की ओ. साधं घ्या, फ्लेवरवालं नको.

बी-४०१: वहिनी, मी डेअरीच्या लॅबमध्ये होतो म्हणून सांगतो. आधी ओटा किती गार आहे ते बघा, विरजण नंतर ठरवा. योगर्टमधली जिवाणूंची जोडी म्हणजे स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बुल्गारिकस. त्यांना ४० ते ४५ अंश ऊब लागते. तेवढी मिळाली तर ५-६ तासांत घट्ट दही. आपल्याकडं आत्ता ओट्यावर तेवढी ऊब कुठली? घरात वर्षानुवर्षं चालत आलेल्या विरजणात बहुधा लॅक्टोकोकस लॅक्टिस जिवाणू असतात. त्यांना २२ ते ३० अंश पुरतात, फक्त वेळ जास्त द्यायचा. सोबत ल्युकोनोस्टॉक असले की लोण्याचा वास सुटतो. ताक-लोणी करणाऱ्यानं हेच विरजण धरावं असं माझं ठाम मत आहे.

ए-१०३: आणि पावडर, काका?

बी-४०१: चालते. पाकिटावर थर्मोफिलिक लिहिलंय का मेसोफिलिक ते वाचून घ्या. थर्मोफिलिक म्हणजे ती योगर्टची, उबेत वाढणारी; मेसोफिलिक म्हणजे घरच्या विरजणासारखी, कमी उबेत चालणारी. गार ओट्यावर मेसोफिलिकच. मात्र त्याच दह्याचं परत परत विरजण लावत गेलं की जिवाणूंच्या जातींचं प्रमाण बिघडतं, चव बदलते. ‘हीट ट्रीटेड’ लिहिलेलं दही विरजणाला घेऊ नका, त्यातले जिवाणू मेलेले असतात.

बी-२०४: केफिर आमच्यात आहे. दाणे दुधात टाकून दिवसभर बाहेर ठेवायचे, मग गाळायचे. त्यात यीस्ट असतं, त्यामुळं जिभेला चुरचुरतं. प्यायला छान, कढीला नको. किंचित अल्कोहोलही तयार होतं, नैवेद्याला ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या.

ए-२०२: मग आमच्या घरी नकोच ते. वहिनी, दूध कसं तापवता? चांगलं उकळून १०-१५ मिनिटं मंद आचेवर ठेवा, दही घट्ट होतं. बोट सोसेल इतकं कोमट झालं की चमचाभर विरजण भांड्याच्या आतनं सगळीकडं फासा, मग दूध ओता. म्हशीचं असलं तर कवडी पडते. आणि लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही.

सी-३०२: आमचं परवा अजिबातच लागलं नाही. विरजण तेच, रोजच्यासारखंच.

बी-४०१: गवळ्याचं दूध ना? म्हशीला दगडी (कासेचा आजार) झाली होती काय विचारा. कासेत अँटिबायोटिक सोडलं की काही दिवस दुधात उतरतं, त्यानं विरजण मरतं. उकळून ते पूर्ण जात नाही. ते दिवस सरेपर्यंत डेअरीला घालायचं नसतं नि घरीही द्यायचं नसतं. स्पष्ट विचारा, लहान मुलं पितात ते दूध.

सी-३०२: उद्या सकाळीच विचारतो.

ए-२०२: वहिनी, माझं विरजण खानापूरच्या माहेरचं आहे, या हवेत लागतंय. ८ नंतर वाटी घेऊन या. थोडं बर्फाच्या कप्प्यातही ठेवा, एखादवेळी बिघडलं तर हाताशी असावं.